अनुभव धागा : मातो दुकोवाट्सची नोंद तपासताना

मातो दुकोवाट्स या क्रोएशियन लढाऊ वैमानिकाच्या मराठी चरित्रनोंदीचा मसुदा गेले काही महिने आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातून गेला. कुणी विमानांची माहिती पडताळली, कुणी नकाशे, कुणी भाषा. समीक्षकाचे शेरे समासात असतात आणि नोंद पक्की झाली की पुसले जातात. ते शेरे लिहिण्याआधी माणूस कुठे अडला, काय काय चाळलं, कुणाशी वाद घातला, हे मात्र कुठेच उरत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. मसुदा तपासलेल्यांनी लिहावंच, पण दुसऱ्या महायुद्धातल्या कुठल्याही सैनिकाच्या नोंदीचं समीक्षण केलं असेल तर तेही इथे येऊ द्या.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुकोवाट्सचा जन्म सप्टेंबर १९१८ मधला, सुर्चिनचा. युगोस्लाव्ह लष्करात शिक्षण, १९४१ नंतर ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्या’च्या हवाई दलात. लुफ्तवाफच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, जेजी ५२ या लढाऊ दलाला जोडलेल्या क्रोएशियन स्क्वाड्रनमधून तो पूर्व आघाडीवर लढला. त्याच्या नावावर ४० ते ४४ विमानं पाडल्याचं श्रेय दिलं जातं. सप्टेंबर १९४४ मध्ये तो सोव्हिएत बाजूला गेला, युद्धानंतर युगोस्लाव्हियात परतला, १९४५ मध्येच तिथून इटलीत पळाला. पुढे सीरियाचं हवाई दल, १९४८चं अरब-इस्रायल युद्ध, मग कॅनडा. १९९० मध्ये टोरांटोत वारला.

सुरुवात मीच करते. माझा सगळ्यात जास्त वेळ पहिल्याच वाक्याने खाल्ला. ‘क्रोएशियाचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक’ असं ते वाक्य होतं. यातला क्रोएशिया कुठला? ६ एप्रिल १९४१ ला जर्मनी आणि त्याच्या साथीदार देशांनी युगोस्लाव्हियावर हल्ला केला आणि चारच दिवसांत झाग्रेबमध्ये नव्या राज्याची घोषणा झाली. सत्ता आंते पावेलिच आणि त्याच्या उस्ताशा संघटनेकडे गेली. सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांचं शिरकाण या राजवटीने केलं. एकट्या यासेनोवाट्सच्या छावणीसमूहात मारल्या गेलेल्यांच्या नावानिशी यादीत आज ८३ हजारांहून अधिक नावं आहेत. मसुद्यात हे सगळं तळटिपेत होतं.

मी लिहिलं, हे मुख्य मजकुरात हवं, तो त्या हवाई दलात दाखल होतो त्याच परिच्छेदात. एका सहसमीक्षकांचं म्हणणं, माणूस आघाडीवर विमान चालवत होता, छावण्यांशी त्याचा संबंध काय? त्यावर आम्ही पुष्कळ भांडलो. शेवटी दोन वाक्यं मुख्य मजकुरात आली: राज्य कुणाचं होतं आणि त्याने काय केलं. दुकोवाट्सने स्वतः काय केलं याबद्दल संदर्भ बोलतात तेवढंच, त्यापुढे एक शब्द नाही. ही मांडणी मला आजही योग्य वाटते. कुठल्या राज्याच्या चिन्हाखाली उडत होता हे वाचकाला कळलंच पाहिजे, आणि न सिद्ध झालेलं पाप त्याच्या माथी मारता कामा नये.

ओझरहून, हवाई दलातला निवृत्त इंजिन फिटर

माझ्याकडे ‘पाडलेली विमानं’ हा भाग आला होता. ताई, तुम्ही वर ‘श्रेय दिलं जातं’ असं लिहिलंत, मसुद्यात सरळ ‘४४ विमानं पाडली’ होतं. मी पहिला शेरा तिथेच मारला.

लुफ्तवाफमध्ये दावा मंजूर व्हायचा तर वैमानिकाला अहवाल द्यावा लागे. वेळ, ठिकाण, उंची, शत्रूच्या विमानाचा प्रकार, साक्षीदार कोण. तो वरवर चढत बर्लिनपर्यंत जाई. एक विमान, एकच श्रेय, वाटणी नाही. सोव्हिएत दलात एकट्याने पाडलेलं आणि गटाने पाडलेलं यांची मोजणी वेगळी होती. कागदोपत्री जर्मन पद्धत कडक दिसते. पण कागद भरणारा माणूस जे बघतो ते काय असतं, हे मला जास्त ठाऊक आहे.

पिस्टन इंजिनात इंधनाचं मिश्रण गरजेपेक्षा जाड झालं की एक्झॉस्टमधून काळा धूर सुटतो. घाईने थ्रॉटल पुढे ढकलला तरी सुटतो. जमिनीवर इंजिन चालवून बघताना मी हे अनेकदा पाहिलंय, जवळ उभं असलं तर नाकात झोंबतो. पण मागून येणाऱ्या वैमानिकाला लांबून तीच रेघ दिसली तर विमान पेटलं असंच वाटणार. त्यात पुढचा माणूस सूर मारून ढगात शिरला की हा मागे जाऊन बघत बसत नाही, कारण त्याच्याही शेपटीवर कुणीतरी असतं. खाली गेलेला कुठल्या तरी शेतात पोटावर उतरतो, विमान ट्रकवर घालून नेतात, पुन्हा उडवतात. १९४३ च्या वसंतात दक्षिण रशियातल्या कुबानवर दोन्ही बाजूंची एवढी विमानं आकाशात होती की कोण कुणाच्या गोळीने पडलं हे सांगणं कठीण. हा खोटेपणा नव्हे. सगळ्याच देशांच्या वैमानिकांचे दावे समोरच्या नोंदींशी ताडले की आकडे खाली येतात.

म्हणून माझा आग्रह एवढाच होता की ‘४० ते ४४’ हा पल्ला तसाच ठेवा, सरासरी काढू नका, मोठा आकडा उचलू नका. आणि ‘अजिंक्य’, ‘आकाशाचा वाघ’ असले शब्द काढून टाका. ते निघाल्यावर परिच्छेद अर्धा झाला आणि वाचायला चांगला झाला.

याच स्क्वाड्रनमधल्या त्स्वितान गालिचचं उदाहरण मी चर्चेत दिलं होतं. एप्रिल १९४४ मध्ये बोस्नियातल्या बान्या लुकाजवळच्या झालुझानी विमानतळावर दक्षिण आफ्रिकी हवाई दलाने हल्ला केला, त्यात तो जमिनीवरच मारला गेला. अशा घटनेला दोन्ही बाजूंची नोंद असते, म्हणून तिथे ठामपणे लिहिता येतं. ज्याला एकाच बाजूचा कागद आहे तिथे ‘दावा केला’ हेच क्रियापद.

कोल्हापूरहून, इतिहासाची प्राध्यापिका

फिटर काकांनी धुराचं लिहिलंय ते समासात न राहता इथे आलं हे फार बरं झालं.

मी पक्षबदलाचा भाग तपासला. पहिल्या मसुद्यात कारण दिलं होतं: त्याला साम्यवाद पटला. दुसऱ्या लेखकाने ते खोडून लिहिलं: पराभव दिसू लागला म्हणून जीव वाचवला. दोन्ही वाक्यांना आधार नव्हता, फक्त लिहिणाऱ्याचा कल होता.

मी कारण काढून टाकलं आणि घटना तारखांप्रमाणे लावायला सांगितल्या. मे १९४३ मध्ये याच स्क्वाड्रनमधले दोन वैमानिक विमानांसकट सोव्हिएत बाजूला गेले होते, म्हणजे वाट आधीच पडलेली होती. २३ ऑगस्ट १९४४ ला रुमानियाने बाजू बदलली. ३० ऑगस्टला झाग्रेबमध्ये लोर्कोविच आणि वोकिच हे दोन मंत्री दोस्त राष्ट्रांकडे वळण्याच्या कटात पकडले गेले. त्याच सुमारास युगोस्लाव्ह साम्यवादी सेनेचे नेते टिटो यांनी क्रोएशियन गृहरक्षक दलातल्यांना, म्हणजे त्या राज्याच्या नियमित सैनिकांना, माफीची मुदत दिली, ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होती. आणि सप्टेंबरमध्येच दुकोवाट्स गेला. एवढं ओळीने वाचल्यावर वाचकाला स्वतःच बरंच उमगतं.

शिवाय पुढचं वर्ष कुणी बघितलंच नव्हतं. साम्यवाद पटला असता तर १९४५ मध्ये तो टिटोंच्या युगोस्लाव्हियातून पळाला कशाला? नुसता जीव वाचवायचा होता तर १९४८ मध्ये सीरियासाठी लढायला कशाला गेला? माझे विद्यार्थी अशा वेळी ‘संधिसाधू’ म्हणून मोकळे होतात. मला तेही मान्य नाही. सत्तावीस वर्षांच्या आत तीन राज्यं पाहिलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते त्याने लिहून ठेवलेलं हाती नसेल तर नोंदीने सांगू नये.

सोलापूरहून, भूगोल शिक्षक

माझं काम छोटं होतं. जन्मस्थळाच्या रकान्यात ‘सुर्चिन, क्रोएशिया’ लिहिलेलं. सप्टेंबर १९१८ मध्ये सुर्चिन ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, १ डिसेंबरपासून सर्ब-क्रोएट-स्लोव्हेनांच्या राज्यात, आणि आज ते सर्बियात आहे. बेलग्रेडचा विमानतळ तिथेच. रकान्यात जन्मदिवशीचा देश आणि पुढे ‘आताचा सर्बिया’ असं घातलं. नकाशाही १९१८ चाच लावा असं सुचवलं आहे, अजून लागलेला नाही.

न्यूरेंबर्गहून

छायाचित्रं माझ्याकडे होती. जर्मन संघीय अभिलेखागाराने २००८ मध्ये ८० हजारांवर छायाचित्रं मुक्त परवान्याखाली दिली, त्यामुळे पूर्व आघाडीची चित्रं मिळतात. पण त्यांच्याखालच्या मूळ ओळी त्या काळच्या प्रचारखात्याच्या आहेत. अभिलेखागारानेच तशी सूचना दिलेली असते. मसुद्यात एका चित्राखालची ओळ जशीच्या तशी मराठीत आली होती, शत्रूला ‘बोल्शेविक’ म्हणणारी. ती बदलून नुसतं विमानाचं नाव, ठिकाण आणि वर्ष ठेवलं. सापडलेल्या चित्रांत दुकोवाट्स स्वतः नाही, तर मग नोंदीत त्याच्या चेहऱ्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा ‘प्रातिनिधिक’ फोटो नको यावर मी ठाम राहिलो. १९४१ मध्ये जर्मनांबरोबर लढायला पाठवलेल्या क्रोएशियन हवाई तुकडीच्या, म्हणजे ‘लीजन’च्या, पहिल्या लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण आमच्या शेजारच्या फ्यूर्टला झालं. मी रोज तिथून जातो. आता तिकडचा सपाट माळ दिसला की थांबून बघतो.

पुण्याहून, अनुवादक

एक गोष्ट नव्या समीक्षकांसाठी. क्रोएशियन भाषेतला विकिपीडिया या विषयावर बरीच वर्षं एका राष्ट्रवादी गटाच्या हाती होता, उस्ताशा राजवटीचे गुन्हे तिथे सौम्य करून मांडले जात. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना तो वापरू नका असं सांगितलं होतं. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने याची चिकित्सा करणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळे ‘त्यांच्याच भाषेतलं आहे, म्हणजे पक्कं’ हा निकष इथे चालत नाही. मी प्रत्येक विधान क्रोएशियन, सर्बियन आणि जर्मन अशा तीन बाजूंनी बघत गेले. तारखा आणि विमानांचे प्रकार बहुतेक जुळतात, विशेषणं कधीच जुळत नाहीत. जे तिन्हीकडे सारखं ते ठेवलं. जिथे फाटा फुटतो तिथे कोण काय म्हणतं ते नाव घेऊन लिहायला लावलं.

टोरांटोहून

मला शेवटचा परिच्छेद पाठवला गेला, कारण मी इथे राहते. मसुद्यात कॅनडातल्या चाळीसेक वर्षांना दीड ओळ होती. त्यात घरच्यांची नावं आणि ते कुठे राहतात याचा उल्लेखही कुणीतरी घातला होता. तो मी सर्वांत आधी काढायला लावला. युद्ध त्यांनी केलेलं नाही.

बाकी वर्षं भरून काढावीत म्हणून मी स्थलांतरित क्रोएशियनांच्या स्मरणिका चाळल्या, ग्रंथालयातल्या बाईंनी खूप मदत केली. त्यात दुकोवाट्ससारखी माणसं वीर म्हणूनच येतात. कुणीतरी आठवण सांगतं, पुढचा ती वाढवून सांगतो. वाचताना मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. घर सुटलेल्या माणसाला आपला एखादा मोठा माणूस लागतो, ते मी आमच्या महाराष्ट्र मंडळातही बघते. पण नोंदीसाठी त्यातलं मी काहीही घेतलं नाही. दीड ओळीची एक ओळ झाली: कॅनडात स्थलांतर, १९९० मध्ये टोरांटो येथे निधन.

मुख्य संपादकांनी विचारलं, एवढंच? बाकीच्या नोंदीच्या मानाने शेवट तोकडा वाटतो. मी कळवलं, हो, एवढंच. कुणाला त्या वर्षांचा त्रयस्थ संदर्भ मिळाला तर जरूर पाठवा, मी पुन्हा तपासायला तयार आहे.