डेबियन: सोर्सेस फाइलीत 'टेस्टिंग' लिहावं की 'ट्रिक्सी'?

कन्सोलकर
9 ऑगस्ट 2025 ला डेबियन या लिनक्स प्रणालीचं 13 'ट्रिक्सी' स्टेबल (पक्कं, रिलीज झालेलं) झालं आणि 'टेस्टिंग' (पुढची, तयार होत असलेली आवृत्ती) हे लेबल 'फोर्की'ला लागलं. सोर्सेस फाइलीत (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल) 'टेस्टिंग' लिहून ठेवलेली मंडळी पुढच्या अपग्रेडला आपोआप फोर्कीवर. माझं मत: फ्रीझ (रिलीजआधी नवे बदल थांबवणं) लागला की तिथे 'ट्रिक्सी'सारखं सांकेतिक नाव टाका आणि रिलीजनंतर दोन-तीन महिने हलू नका. फ्रीझमध्ये तुंबलेले कंपायलर, लायब्रऱ्या सगळं रिलीजनंतर एकदम सुटतं. ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उचलावेत तसं. आणि परतीची वाट नाही, एपीटीत (डेबियनचं पॅकेजं बसवायचं साधन) डाउनग्रेडला अधिकृत आधारच नाही.

सिडपंथी
असहमत. थांबायचंच असेल तर स्टेबल वापरा की राव! टेस्टिंगचं खरं दुखणं सुरक्षा-दुरुस्त्यांचं. अनस्टेबल उर्फ सिडमधलं (नवी पॅकेजं आधी येतात ती शाखा) पॅकेज टेस्टिंगमध्ये यायला एरवी 2, 5 किंवा 10 दिवस. एखाद्या लायब्ररीच्या ट्रान्झिशनमध्ये (तिच्यावर अवलंबून पॅकेजं एकत्र बदलण्यात) अडकलं तर कित्येक आठवडे. त्यापेक्षा सरळ सिड चालवा. एपीटी-लिस्टबग्ज (बसवण्याआधी गंभीर बग दाखवणारं साधन) टाका, रोज नुसतं 'अपग्रेड' करा. 'फुल-अपग्रेड' पॅकेजं काढूही शकतं, ते मात्र काढून टाकायची यादी वाचूनच. त्यात डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज दिसलं तर 'एन' दाबा, दोन दिवसांनी पुन्हा बघा.

कन्सोलकर
आणि मार्च 2024? एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 मधला चोरदरवाजा सिडमध्ये होता, टेस्टिंगमध्येही. स्टेबलमध्ये नव्हता.

सिडपंथी
म्हणजे तुमच्या टेस्टिंगनेही वाचवलं नाहीच. सिडमध्ये तो उघड होताच जुनं 5.4.5 परत आलं, '5.6.1+रिअली5.4.5' अशा मजेशीर आवृत्तीक्रमांकाने. आकडा चढा नसता तर एपीटीने ते अपग्रेड मानलंच नसतं.

जुनाकर्नल
दोघंही एक विसरताय. नाव बदलताना सिक्युरिटीची ओळही 'ट्रिक्सी-सिक्युरिटी' करावी लागते. ती 'टेस्टिंग-सिक्युरिटी'च राहिली तर स्टेबलच्या दुरुस्त्या येणारच नाहीत, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात काही दिसणारही नाही.

नवा कर्नलच (प्रणालीचा गाभा) हवा असेल तर ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी बांधलेली नवी पॅकेजं) जोडा. त्याचा अग्रक्रम कमी, 100, म्हणून मागितल्याशिवाय काही घुसत नाही. '-टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स' लिहूनच घ्यावं लागतं.

एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डवाल्यांनी मात्र रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस' (कर्नलसाठी ड्रायव्हर-मॉड्यूल बांधलंय का ते दाखवणारी आज्ञा) बघावं. नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' नसेल तर मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही आणि समोर काळा पडदा येऊ शकतो. तोवर 'ऑटोरिमूव्ह'ला (नको असलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) हात लावू नका, ग्रबमधून (सुरुवातीचा बूट-मेनू) जुन्या कर्नलवर जायची सोय राहू द्या.