सावरडोचं विरजण पातळ होत असेल तर आधी वाटी बाजूला ठेवा

ताई, तुम्ही सावरडोच्या, म्हणजे आंबवलेल्या पीठ-पाण्यावर फुगणाऱ्या पावाच्या, विरजणात रोज वाटीभर पीठ आणि वाटीभर पाणी घालता आणि तरी विरजण ताकासारखं राहतं, असं लिहिलंय. गोम त्या वाटीतच आहे. वाटीभर पाणी वाटीभर पिठाच्या जवळपास दुप्पट वजनाचं भरतं. छोटा वजनकाटा घ्याच. 20 ग्रॅम विरजण, 60 ग्रॅम पीठ, 60 ग्रॅम पाणी. चमच्यावरून सावकाश, जाडसर ओघळलं पाहिजे, इडलीच्या पिठापेक्षा घट्टच. चक्कीवरची कणीक पाणी जास्त पिते, मैदा कमी. त्यामुळे मैद्याला पाणी थोडं हात राखून.

दुसरं म्हणजे आपलं नाशिक. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सकाळी घट्ट असलेलं विरजण दुपारी फुगून खाली बसतं आणि सैल पडतं, कारण आंबटपणा वाढला की पिठातला चिकटपणा तुटत जातो. तेव्हा पीठ वाढवून भूक भागवा: 10 ग्रॅम विरजणाला 50-50 ग्रॅम पीठ-पाणी. वर करडं पाणी साचलं तर विरजण उपाशी आहे, एवढंच. टाकून देऊ नका, कृपया! उलट निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत कोमट पाणी वापरा आणि धीर धरा. बरणीला रबरबँड लावून ठेवा, किती चढलं ते कळतं.