वेझ चालतंय ना, मग पॅलेस्टिनींची तक्रार काय?

रूटमास्टर: इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात, वेस्ट बँकमध्ये, वेझ हे नकाशा ॲप भेदभाव करतं म्हणे! ॲपला कसलं आलंय राजकारण, जवळचा रस्ता दाखवतं, विषय संपला.

मोहोळ_७७: जवळचा कोणाला, ते बोला की. बेथलेहेम ते रामल्ला सरळ गेलं तर मध्ये जेरुसलेम, पण पॅलेस्टिनी पांढऱ्या प्लेटच्या गाडीला तिथे शिरताच येत नाही, मग वादी नारच्या घाटातून फिरायचं, तिथला कंटेनर चेकपॉइंट बंद झाला की बसा. मी गेलोय शेअर टॅक्सीनं, ड्रायव्हर ॲप उघडतच नव्हता, ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज ऐकत होता, कुठलं गेट बंद, कुठे लाईन.

लोडची_सून: दुसरी बाजू पण ऐका. २०१६ ला दोन इस्रायली सैनिक वेझच्या भरवशावर कलंदियाच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीत शिरले, जीप जाळली त्यांची. आणि बसमध्ये बॉम्ब फुटायचे तेव्हा माझ्या नणंदेनं बसच सोडली होती. वेस्ट बँकभोवतीची भिंत इस्रायलनं हौसेनं नाही बांधली.

मोहोळ_७७: त्या सैनिकांना सोडवताना एक पॅलेस्टिनी पोरगा मेला, तो गाळलात ताई. आणि भिंत बांधायची तर ग्रीन लाईनवर, म्हणजे १९६७ च्या आधीच्या हद्दीवर बांधा ना! आखलेल्यातली ८५ टक्के वेस्ट बँकच्या आत कशाला?

जुना_टेलिकॉम: भिंत राहू दे, ॲप चालायला नेट लागतं. आपल्याकडे २०१६ ला जिओचं फोरजी, त्यांना वेस्ट बँकमध्ये थ्रीजी मिळालं २०१८ ला, कारण फ्रिक्वेन्सी इस्रायलच्या हातात. तोवर टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीत इस्रायली टॉवर, खालच्या पॅलेस्टिनी गावात टूजी.

रूटमास्टर: थ्रीजी कुठून आलं मध्येच?

जुना_टेलिकॉम: मग ॲप काय अंगाऱ्यावर चालतं? आयुष्य गेलं माझं टॉवर उभारण्यात. एरिया सी म्हणजे वेस्ट बँकची साठ टक्के जमीन, तिथे परवानगी इस्रायलची. खांब रोवायला विचारायचं म्हटल्यावर नेटवर्क काय कपाळ उभं राहणार!

लोडची_सून: परवानग्या इस्रायलसोबतच्या ओस्लो करारात पॅलेस्टिनींच्याच नेत्यांनी मान्य केल्या, त्यांची सही आहे.

मोहोळ_७७: पाच वर्षांसाठी होती ती तात्पुरती व्यवस्था! १९९५ ची.

लोडची_सून: बरं, ते लांबलं, मान्य. पण त्याला एकटं इस्रायल जबाबदार नाही.

रूटमास्टर: ठीके, जवळचा रस्ता प्लेट बघून ठरतो, लिहून घ्या. पण ॲपवाल्यांनी करायचं काय, चेकपॉइंटवर माणूस बसवायचा?

जुना_टेलिकॉम: आधी टॉवर बसवू द्या.