मदत हवी आहे: रोज एक ओवी लिहिते, पण अडते

नमस्कार मंडळी. आई जाऊन आठ महिने झाले. डायरी उघडली की 'आज बरं वाटलं नाही' एवढंच लिहून होतं, पुढे पेन हलत नाही. मग हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. लाखभराहून जास्त आहेत! सासर, भाऊ, लेक, सगळं त्या बायका जात्याला सांगायच्या. (आमच्याकडे जातं नाही आणि मिक्सरला सांगून उपयोग नाही, तो आपलंच ओरडतो.)

तेव्हापासून रात्री एक ओवी लिहिते. कालची ही:

माय गेली बाई माझी, सुनी पडली ओसरी
माझ्या चहाच्या कपाशी, बशी अजून दुसरी

अडचण अशी की यमकाच्या मागे लागले की खरं सांगायचं ते निसटतं, आणि यमक सोडलं तर ओवी गळ्यात बसत नाही. तुम्ही आधी गुणगुणता की आधी लिहिता? ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा साचा, तीन चरण आणि चौथा आखूड, सोपा पडेल का?

आणखी एक. कधी कधी लिहिल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी झोपच उडते. अशा वेळी वही मिटावी का? समुपदेशकांकडे जातेच आहे, इथे तुमचे अनुभव हवेत.