फारोचं मन आधी कोणी कठीण केलं?

‘देवानेच फारोचं मन कठीण केलं, मग पाप त्याच्या माथी का?’ हा प्रश्न रास्त आहे, पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातला क्रम बघा. फारो म्हणजे मिसरचा राजा; त्याने गुलाम इस्राएली लोकांना सोडावं म्हणून देव त्याच्या देशावर एकामागून एक पीडा, म्हणजे संकटं, आणतो. बेडकांचा त्रास थांबून जरा उसंत मिळाली, तेव्हा फारोने आपलं मन आपणच कठीण केलं (८:१५). गोमाश्यांनंतरही तेच. ‘परमेश्वराने फारोचं मन कठीण केलं’ हे पीडांच्या ओघात पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला, फोडांच्या वेळी (९:१२). आणि त्यानंतरही, गारा थांबताच, ‘त्याने पुन्हा पाप केलं’ असंच लिहिलंय. देव आधीच ४:२१ मध्ये तसं बोलून ठेवतो, ही अडचण उरतेच. ती मी झाकत नाही.

पण मन घट्ट होत जातं कसं, हे मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पाहिलंय. आमचे एक नात्यातले काका तिथे आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानात, मुनीम होते. मालकाने सांगितलं, बारदान्यापोटी, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनापोटी, पोत्यामागं किलोभर कडता, म्हणजे वजनातली कपात, जास्त धरा. पहिल्या हंगामात काका काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) लिहिताना शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत. पुढे बघून लिहू लागले. शेवटी तर मालक गावाला गेलेला असला तरी किलो कापलाच जायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, “मोंढ्याची रीतच हाय ती.” मालक दोषी होताच, त्यात वाद नाही. पण पट्टीवर अक्षर काकांचं होतं.