पंपाऐवजी रद्दी निघाली तर

भाऊ, तुम्ही जाहिरात पाहून बॅटरीचा फवारणी पंप मागवला अन् खोक्यातून रद्दी निघाली. ऐन कपाशीच्या फवारणीत असं झालं की माणसाचं डोकंच फिरते. पण तुमच्या पोस्टखाली काही जण 'आता सोडून द्या' म्हणून राहिले, ते मला नाही पटत.

पैसे यूपीआयनं गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकतात. रोख देऊन पार्सल घेतलं असेल तर गोष्ट जरा किचकट. अशा वेळी खोकं फेकू नका. त्यावरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, ट्रॅकिंग नंबर असतो. वेबसाइटवर एक गाव अन् चिठ्ठीवर दुसरंच, असंही निघते. त्याचा फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका.

तरी दाद नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, विकणारा सुरतचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही.

अन् हो, गुगलवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधत बसू नका. तिथं दुसरा ठग टपून असते. 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणते. पैसे यायला पिन लागतच नाही, बाप्पा!