सिनेमाच्या दिवाळी अंकाचं कव्हर कसं असावं? गेल्या वर्षी अंक पडून राहिला

करवीर_ऑपेरा
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरातले सातजण मिळून तीन वर्षं फक्त मराठी सिनेमावरचा दिवाळी अंक काढतोय, सगळे नोकरी करून, पदरमोड करून. मजकूर चांगला असतो हे मी खात्रीनं सांगतो, गेल्या वर्षी एका जुन्या मेकअपमनची अठरा पानी मुलाखत होती, ती वाचून लोकांनी रात्री दहाला फोन करून सांगितलं की डोळ्यात पाणी आलं. पण हे फोन ज्यांनी अंक घेतला त्यांचे. ८०० छापले, ३४० परत आले, अजून माझ्या घरी माळ्यावर गठ्ठे आहेत.

कव्हरवर आम्ही कोलाज केलेलं, वीसेक कलाकारांचे चेहरे, मध्ये क्लॅप, रीळ, एका कोपऱ्यात आकाशकंदील आणि खाली सगळ्या लेखांची यादी. लॅपटॉपवर सगळ्यांना जाम आवडलं होतं. मग दिवाळीच्या आधी महाद्वार रोडच्या एका स्टॉलवर मी मुद्दाम पाऊण तास उभा राहिलो, तर लोक येतात, अंकांवरून नजर फिरवतात आणि आमच्या अंकावर आली की ती नजर तशीच पुढं सरकते, थांबतच नाही. ते बघताना पोटात कालवलं अक्षरशः.

यंदाचा मोठा लेख टूरिंग टॉकीजवर आहे, जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवणारे एक ऑपरेटर काका आहेत, ३८ वर्षं मशीन चालवलं त्यांनी. कव्हर अजून ठरलेलं नाही, काहीजण म्हणतात एखाद्या गाजलेल्या हिरॉइनचा फोटो टाका, विषय मिटला. मला विचारायचं हे की जुन्या सिनेमासिकांच्या कव्हरमध्ये असं काय होतं की माणूस जागच्या जागी थांबायचा? नुसता हिरोहिरॉइनचा चेहरा की अजून काही?

पेपरवाला_दादर
दादा, वडिलांपासून आमचा स्टॉल आहे स्टेशनबाहेर, म्हणून जे रोज बघतो ते सांगतो. तुमचं अख्खं कव्हर गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मासिकं आम्ही एकावर एक चढवून लावतो, जागाच तेवढी असते, त्यामुळे वरचा चार बोटांचा भाग आणि डावीकडची एक पट्टी एवढंच उघडं राहतं. दोरीला टांगलं तर चिमटा बरोब्बर वर मधोमध बसतो, म्हणजे तिथे नाव असेल तर त्यातलं एक अक्षर गेलं. तुमचं क्लॅप आणि आकाशकंदील खाली होते ना, ते दुसऱ्या अंकाखाली झाकलेले असणार, वर काय राहिलं तर पाच-सहा अर्धवट कपाळं.

पूर्वीची सिनेमाची मासिकं आठवून बघा, नाव एकदम वर आणि जाड, आणि त्याच्या लगेच खाली डोळे. हनुवटी, साडी, दागिने सगळं झाकलं तरी डोळे उघडे राहायचे. आणि ते डोळे तुमच्याकडे बघत असायचे, बाजूला नाही. लोकल पकडायला धावणारा माणूस वाचत नाही हो काही, त्याला कुणीतरी बघतंय असं वाटतं तेव्हा तो वळतो. वडील म्हणायचे, गठ्ठा सोडला की अंक हातात घेऊन बघू नकोस, रस्ता ओलांड आणि पलीकडून बघ.

अजून एक, दिवाळीत सगळे अंक लाल, पिवळे, भगवे असतात. त्या गर्दीत लाल अंक विरघळून जातो. काळा किंवा गडद निळा एकच असला तर तो आधी दिसतो. आणि फार चकचकीत लॅमिनेशन करू नका, आमच्याकडे संध्याकाळी वर एलईडी लावलेला असतो, त्याचा उजेड नेमका चेहऱ्यावर मारतो आणि कव्हरवर नुसता पांढरा डाग दिसतो.

रद्दीतलं_सोनं
मी जुने अंक जमवतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. हा प्रश्न आवडीचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

सुरुवात मी बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'पासून करेन, १९३५ सालचं मासिक, मुंबईतून इंग्रजीत निघायचं पण माणूस आपल्या पालघरकडचा. त्याची बरीच गाजलेली कव्हरं गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांनी रंगवलेली. रंगीत फोटो तेव्हा सहज मिळत नव्हते, हाताशी असायचं ते सिनेमातलं काळंपांढरं स्टिल, म्हणजे फोटो, मग चित्रकार ते समोर ठेवून गालांवरचा रंग, ओठ, डोळ्यातला तो एक पांढरा ठिपका स्वतःच्या मनानं भरायचा. म्हणजे पडद्यावर जी बाई लोकांना राखाडी दिसायची ती कव्हरवर पहिल्यांदा रंगात दिसायची! विचार करा, त्या काळच्या माणसाला हे केवढं मोठं आकर्षण असेल. थिएटरमध्ये जे मिळत नाही ते कव्हरवर मिळत होतं. मला वाटतं सगळ्या सिनेमासिकांच्या कव्हरचं मूळ गुपित हेच आहे.

आपल्याकडे दिवाळी अंकांतही तेच. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ला 'दीपावली' काढला, रघुवीर मुळगावकरांचा 'रत्नप्रभा', दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांच्या कव्हरवरच्या बायका काही सिनेमातल्या नव्हत्या पण घराघरांत लोक ती कव्हरं कापून फ्रेम करायचे. माझ्या आजीच्या देवघराशेजारी मुळगावकरांचं एक चित्र होतं, खालच्या कोपऱ्यात अंकाच्या नावाची वेलांटी अर्धी राहिलेली, कारण कात्री नीट चालली नव्हती. ते मी अजून जपून ठेवलंय.

मग मार्च १९५२मध्ये 'फिल्मफेअर' आलं, पहिल्या अंकावर कामिनी कौशल. हळूहळू ब्रश मागे पडला आणि फोटो आला. आणि १९७१ला नारी हिरांचं 'स्टारडस्ट' आलं तेव्हा खेळच बदलला. हिरा जाहिरातीतले, त्यांना नेमकं कळलेलं की चेहरा तर आता सगळेच देतात. पहिल्याच अंकावर राजेश खन्ना, आणि सोबत प्रश्न की त्यानं गुपचूप लग्न केलंय का. विधान नाही हं, प्रश्न! प्रश्न डोक्यात घेऊन माणूस पुढे जाऊ शकत नाही, अंक उघडावाच लागतो. आज यूट्यूबवर जे चाललंय त्याची मुळं तिथे आहेत.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते गौतम राजाध्यक्षांचं काम. ते 'चंदेरी'चे संपादक होते, मराठी सिनेमासिक, आणि फोटोही काढायचे. त्यांच्या फोटोत प्रकाश एका बाजूनं मऊ येतो, मागे फार काही नसतं, आणि कितीही मोठी नटी असली तरी ती आत्ता आपल्याशी बोलता बोलता थांबलीय असं वाटतं. त्या कव्हरनं मराठी वाचकाला सांगितलं की तुझ्या भाषेतलं मासिकसुद्धा इतकं देखणं असू शकतं. मी शाळेत होतो, सलूनमध्ये नंबर यायची वाट बघताना ते कव्हर हातात आलं आणि केस कापायचा नंबर मी दोनदा मागे दिला.

म्हणून करवीर, हिरॉइनचा फोटो टाकून विषय मिटणार नाही. तिचे फोटो आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फुकट आहेत. बाहेर बघायला मिळत नाही असं तुमच्याकडे काय आहे ते शोधा. पुण्यात असाल तेव्हा लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन जुने अंक एकदा हातात घेऊन बघा, स्क्रीनवर बघण्यात आणि त्यात फार फरक आहे.

मात्रा_वेलांटी
वरच्या दोघांचं पटलं. मी पुस्तकांची, मासिकांची कव्हरं करते, फक्त अक्षरांबद्दल आणि छपाईबद्दल सांगते कारण तिथे माझे हात पोळलेत.

इंग्रजी मासिकात हिरोचं डोकं नावाच्या पुढे येतं ना, दोन अक्षरं झाकली जातात तरी नाव वाचता येतं, आणि चेहरा पानातून बाहेर आल्यासारखा वाटतो. मराठीत हे जसंच्या तसं करू नका. आपली सगळी गंमत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली आहे. डोक्याखाली एक मात्रा गेली की 'मोर'चा 'मार' होतो, अनुस्वार गेला की 'रंग'ची 'रग' होते. झाकायचंच असेल तर अक्षराचा मधला पोटाचा भाग झाकला जाईल आणि शिरोरेषा सलग दिसेल असं बघा, डोळा ती रेष धरून पुढे जातो आणि शब्द पुरा करतो. वेलांटीला वर जागा सोडा, कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, मी एकदा अख्ख्या आवृत्तीच्या वेलांट्या कापलेल्या बघितल्यात आणि त्या रात्री जेवले नव्हते.

नावासाठी तयार फॉन्टच हवा असं नाही. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा, नाव बघूनच कळायचं की नाटक हसवणार आहे की रडवणार. हातानं काढून घेता आलं तर उत्तम. नाहीतर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' किंवा 'मुक्त' घ्या, फुकट आहेत, आणि जाड अक्षरांतही मिळतात. गडद रंगावर पांढरी अक्षरं टाकणार असाल तर बारीक रेषांचा फॉन्ट अजिबात नको, शाई पसरते आणि बारीक पांढऱ्या रेषा बुजून जातात.

चेहऱ्याचा रंग. स्क्रीनवर दिसतो तो छपाईत येत नाही. माझ्या एका कव्हरवर नटीचा चेहरा गाजरासारखा छापून आला होता, प्रेसवाल्यानं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दाखवलंच नाही आणि मीही घाईत मागितलं नाही. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईरंगांत, फाइल करा, कव्हर ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर प्रूफ मागा आणि ते दिवसा खिडकीत नेऊन बघा. त्याशिवाय सही करू नका.

आणि कव्हरवरच्या ओळी कमी करा प्लीज. अख्खी अनुक्रमणिका कशाला? एक मोठी ओळ, फार तर दोन छोट्या, आणि सगळ्या डावीकडे, दादरवाल्या दादांनी सांगितलेल्या पट्टीत.

सातारी_स्क्रीन
थोडं वेगळं मत. स्टॉल आता उरलेत किती? आमच्याकडे एसटी स्टँडवर होता तो बंद झाला. मी गेले तीन दिवाळी अंक व्हॉट्सअपवर कव्हर बघून मागवले, तिथे ते कव्हर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. त्यामुळे मुद्दा तोच येतो खरं तर, एक चेहरा, एक रंग, मोठं नाव. कोलाज नखाएवढं केलं की नुसता चिवडा.

पण प्रश्नवाल्या ओळींबद्दल मला राग आहे तो लिहितो. कव्हरवर "अमुक दिग्दर्शकानं सिनेमा का सोडला?" आणि आत दीड पानात उत्तरच नाही, असं दोनदा झालंय माझ्यासोबत. पैशाचं काही नाही, पण त्या अंकाला मी परत हात लावला नाही. तुमचे वाचक मोजकेच आहेत, त्यातला एक दुखावला तरी पुढच्या वर्षी दिसतो. ओळ टाका, पण आत तेवढं भरलेलं असू दे.

रद्दीतलं_सोनं
@सातारी_स्क्रीन शंभर टक्के. आणि करवीर, तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे हे आत्ता परत वाचताना लक्षात आलं. ३८ वर्षं लोकांना चेहरे दाखवणारा माणूस, ज्याचा चेहरा तंबूतल्या एकानंही बघितला नाही कारण सगळ्यांची पाठ त्याच्याकडे. काका स्वतः कव्हरवर का नाहीत?

करवीर_ऑपेरा
हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. मग काकांना फोन केला.

रविवारी दोघं जाऊन आलो. काकांकडे मशीन अजून आहे, गोठ्याच्या बाजूला ताडपत्री टाकून ठेवलेलं. आम्हाला बघून ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसाला तेल लावून तयार होते, म्हणाले फोटो काढायचाय ना. पाच-सहा फोटो तसे काढले, छान आले पण लग्नातल्यासारखे. मग त्यांनी ताडपत्री काढली आणि कार्बनच्या दोन कांड्या कशा समोरासमोर आणायच्या, उजेड कसा पेटायचा, जळेल तसं हातानं पुढं कसं सरकवत राहायचं हे दाखवायला लागले. बोलता बोलता मशीनच्या बारीक काचेतून वाकून बघितलं त्यांनी, जशी आत खरंच ज्योत आहे, आणि मित्रानं मागून काही विचारलं म्हणून एकदम वळून थेट कॅमेऱ्यात बघितलं. तो एक फोटो. अर्धा चेहरा अंधारात, बाजूनं गोठ्याच्या दारातला उजेड, बोटांवर काजळी, कारण इतक्या वर्षांनीही आतलं झाकण उघडलं की हात काळे होतात.

काल झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढली, गेल्या वर्षीच्या एका अंकावर चिकटवली आणि त्याच स्टॉलवाल्याला विनंती करून चढवून लावायला सांगितलं, वरची चार बोटं उघडी. मागचा रंग गडद निळा केलाय. रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं. काका बघत होते माझ्याकडे. अर्ध्या तासात तिघांनी उचलला, एकानं विचारलं हे कोण, नट आहेत का जुने? स्टॉलवाला म्हणाला सिनेमा दाखवायचे ते. तो माणूस म्हणाला, आमच्या गावच्या जत्रेत यायचा की तंबू, आणि मग उभ्याउभ्या बोलतच राहिला.

ओळ एकच टाकतोय, "तंबूत सगळ्यांची पाठ यांच्याकडं होती". आतला लेख बावीस पानांचा आहे, त्यामुळे @सातारी_स्क्रीन तुमची तक्रार येणार नाही.

@मात्रा_वेलांटी ताई, एक अडचण आहे. फोटोत काकांच्या डोक्यावर मशीनचा पत्र्याचा धुराडा आहे आणि तो वर नावात घुसतो, शेवटच्या अक्षराच्या वेलांटीवरच येतो. फोटो खाली सरकवला तर डोळे वरच्या चार बोटांच्या बाहेर जातात. धुराडा कापायचा जीव होत नाही. नाव थोडं डावीकडं घेऊ का? गुरुवारी प्रूफ आहे.

मात्रा_वेलांटी
धुराडा कापू नका. नाव डावीकडे घ्या आणि अक्षरं थोडी लहान करा, वेलांटी धुराड्याच्या अलीकडे संपू दे, मग त्याचा पत्रा शेवटच्या काना-वेलांटीला टेकल्यासारखा दिसेल. फाइल आज रात्री पाठवा, मी बघून देते. आणि गुरुवारी प्रूफ खिडकीत न्या, काकांच्या बोटांवरची काजळी निळसर नाही, काळीच आली पाहिजे.